अक्षरापासून अर्थापर्यंत : संगणकातील मराठी



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शहरात मराठी शिकवली ती एका विशिष्ट परिस्थितीत. घरात मराठी, रस्त्यावर दक्खिनी, बाजारात तेलुगू, कचेरीत एकेकाळी उर्दू आणि पुढे इंग्रजी, अशा चार-पाच भाषांच्या सहवासात येथील मराठी मूल वाढत आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथला मराठी समाज आपल्या भाषेच्या मुख्य प्रदेशापासून राज्याच्या सीमेने वेगळा झाला. तेव्हापासून मराठी टिकवणे हे येथे सहज घडणारे काम राहिले नाही, ते जाणीवपूर्वक करावे लागले. या शाळेच्या भिंती त्याची साक्ष देतील.

आजच्या व्याख्यानासाठी मी संगणकातील मराठी हा विषय निवडला, याचे काही जणांना आश्चर्य वाटले असेल. मी तंत्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य व्याकरण, भाषाविज्ञान आणि जुने ग्रंथ यांच्या अध्यापनात गेले. परंतु निवृत्तीनंतरच्या वाचनात मला एक गोष्ट उमगली, ती आपल्यापुढे मांडावीशी वाटते. संगणकात आणि महाजालावर मराठी आपोआप गेलेली नाही. अक्षर, शब्द, वाक्य आणि अर्थ अशा एकेका पायरीने ती आत गेली. प्रत्येक पायरीवर भाषेचा कुणीतरी जाणकार उभा होता, आणि प्रत्येक पायरीवर भाषेतले काही आत गेले, काही उंबऱ्याबाहेर राहिले. बाहेर काय राहिले हे पाहणे तंत्रज्ञाइतकेच भाषकाचेही काम आहे. त्यातला काही महत्त्वाचा भाग याच शहरात घडला, म्हणून तर हा विषय आपल्या अधिकच जवळचा.

१. अक्षरांना मिळालेले क्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांक सर्व यंत्रांना मान्य असावा लागतो. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांचा हा प्रश्न लवकर सुटला. आपल्या लिपीत व्यंजने, स्वर, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे आहेत. ‘क्ष’ला वेगळा क्रमांक द्यायचा, की ‘क’ आणि ‘ष’ यांच्या जोडणीने तो घडवायचा? छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्याने याचे उत्तर एक दिले असते, वैयाकरणाने दुसरे.

१९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे तंत्र सिद्ध केले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ते काम पुढे वाढले. त्यांनी वैयाकरणाचे उत्तर स्वीकारले. मूळ वर्णांना क्रमांक द्यायचे आणि जोडाक्षर घडवण्याचे काम यंत्रावर सोपवायचे, हे त्याचे सूत्र. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने जी संकेतावली मान्य केली, तिच्या मुळाशी हेच सूत्र होते. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली.

युनिकोडात देवनागरीसाठी १२८ जागा आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, हलन्त चिन्हाचा २३८१, ‘ष’चा २३५९. हे तीन अंक ओळीने आले की पडद्यावर ‘क्ष’ उमटतो. आता तेलुगू पाहा. तेलुगू ‘क’चा क्रमांक ३०९३. दोहोंतील अंतर ७६८. मराठी ‘ळ’ २३५५ आणि तेलुगू ‘ळ’ ३१२३. अंतर पुन्हा ७६८. जवळजवळ सर्व समान वर्णांच्या बाबतीत हेच आढळेल. दोन लिप्या डोळ्यांना किती निराळ्या दिसतात! परंतु कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा वर्णमालेचा क्रम दोहोंत एकच असल्यामुळे यंत्रात त्या शेजारच्या दोन घरांसारख्या एकाच नकाशावर बांधल्या गेल्या. इस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाचेही तेच. ज्या कळीवर मराठी ‘क’ येतो, त्याच कळीवर तेलुगू ‘क’ येतो. मराठी टंकलेखन शिकलेली बोटे तेलुगूही लिहू शकतात. हैदराबादच्या माणसाला याहून सोयीची व्यवस्था कोणती?

या यादीत मला सर्वात रंजक वाटलेली नोंद २३५३ क्रमांकाची आहे. मराठीत ‘र’चे अर्धे रूप दोन प्रकारे लिहितात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. लग्नघरात या दोहोंची अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला नको. हा पापणीसारखी आडवी रेघ असलेला अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. युनिकोडात तो मिळतो तो खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ या वर्णाचे अर्धे रूप म्हणून. आणि हा ‘ऱ’ यादीत कशासाठी आला? द्राविड भाषांतील निराळा ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून. जुन्या तेलुगूत जो ‘बंडी र’ होता, शकटरेफ म्हणून जो व्याकरणात ओळखला जातो, त्याचा हा देवनागरी प्रतिनिधी. तेलुगू यादीत तो ३१२१ वर बसला आहे; २३५३ मध्ये ७६८ मिळवून पाहावे. म्हणजे मराठी दऱ्याखोऱ्यांना महाजालावर जागा मिळाली ती द्राविड वर्णाच्या खोलीत. या दोन भाषासमूहांचा संबंध किती जुना आणि किती अनपेक्षित ठिकाणी आढळणारा आहे, याचे हे लहानसे उदाहरण.

२. दिसणे आणि असणे

क्रमांक १९९१ मध्ये ठरले, पण ते घरोघरच्या यंत्रांत पोहोचायला वेळ लागला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

मधल्या काळात काम थांबले नव्हते. वृत्तपत्रे, मासिके, पुस्तके, स्मरणिका सारे संगणकावर जुळवले जात होते. पण ते एका युक्तीने. यंत्रात साठवायची इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे, आणि टंक असा बनवायचा की त्या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे दिसावेत. कागदावर छापून आलेले पान निर्दोष मराठी असे. यंत्राच्या पोटात मात्र मराठीचा एकही वर्ण नसे. तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला आणि तेथे तो विशिष्ट टंक नसला, की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. महाजालावरील सुरुवातीची मराठी संकेतस्थळे वाचकाला आधी टंक उतरवून घ्यायला सांगत, त्याचे कारण हेच.

याचे परिणाम आजही भोगावे लागतात. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली माझ्याकडे आल्या. त्यांत येथील मराठी कुटुंबांच्या आठवणी होत्या, जुन्या शिक्षकांवरचे लेख होते. छापील प्रतींपैकी थोड्याच उरल्या होत्या. फाइली उघडल्या तेव्हा एकही शब्द वाचता येईना. कोणता टंक वापरला होता हे सांगणारे कुणी उरले नव्हते. शेवटी एका तरुण माजी विद्यार्थ्याने परिवर्तकाच्या साहाय्याने बराचसा मजकूर सोडवला, तरी जोडाक्षरे ठिकठिकाणी फुटलेलीच राहिली. कागदाला वाळवी लागते हे आपण जाणतो. संगणकातील अक्षरालाही ती लागते, आणि ती दिसत नाही.

याउलट उदाहरणही सांगितले पाहिजे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पाने तो शोधता येईल अशा रूपात महाजालावर ठेवला, आणि आज अमेरिकेतला आपला माजी विद्यार्थी मध्यरात्रीही त्यात शब्द पाहू शकतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही खऱ्या वर्णांत साठवलेला असल्यामुळेच शोधता येतो, वाढवता येतो. पावणेदोनशे वर्षांचा कोश हाताशी आहे आणि तीस वर्षांपूर्वीची स्मरणिका नाही. हा वयाचा भेद नव्हे, साठवणीचा आहे.

दिसणे आणि असणे यांतला आणखी एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. मराठी वळणाचा पाकळीदार ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात ही मराठी वळणे नोंदवली. यंत्रात मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच, २३५४. मग वळण कोणते दाखवायचे हे यंत्र कसे ठरवते? संकेतस्थळ रचणाऱ्याने पानाच्या संहितेत भाषेची दोन अक्षरी खूण लिहायची असते. ती मराठीची असेल आणि टंकात मराठी वळणे असतील, तर मराठी ‘ल’ उमटतो. खूण नसेल तर बहुधा हिंदी वळणच पुढे येते. वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही हीच खूण उपयोगी पडते. दृष्टिहीन वाचकापुढे तेच पान मराठी उच्चारात वाचायचे की हिंदी, हे त्यावरून ठरू शकते. संकेतस्थळ बांधणाऱ्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ही खूण ठाऊक असेल. ती लिहायला क्षणही लागत नाही, आणि ती पुष्कळदा लिहिलेली नसते.

त्याच शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर वर्णमालेत घेतले. ‘ॲ’ला युनिकोडात स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, २४१८. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन ते अक्षर लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असे नाही.

३. शब्दाच्या पोटात

अक्षरे आत गेली, आता शब्द. महाजालावर कुणी ‘शाळा’ हा शब्द शोधतो. पण मराठी मजकुरात ‘शाळा’ हे रूप किती वेळा येते? शाळेत, शाळेला, शाळेचा, शाळांमधून, शाळेतल्यांनाही. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. ‘शाळेतल्यांनाही’ या एका शब्दात मूळ नाम, त्याचे सामान्यरूप, अधिकरणाचा ‘त’, त्यावर विशेषण घडवणारा ‘ला’, त्याचे अनेकवचनी सामान्यरूप, ‘ना’ हा विभक्तिप्रत्यय आणि ‘ही’ हे अव्यय, इतके सामावले आहे. इंग्रजीत यासाठी पाच-सहा शब्द लागतील. हिंदीत नामाचे रूप थोडे बदलते आणि ‘में’, ‘को’ वेगळे लिहिले जातात.

शाळेत शब्दसिद्धी शिकताना मुले कंटाळतात. परंतु यंत्राला मराठी शिकवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून हीच शब्दसिद्धी करावी लागली. ‘घरात’मधून ‘घर’ काढणे सोपे आहे. ‘रस्त्यात’मधून ‘रस्ता’ आणि ‘विळ्याने’मधून ‘विळा’ काढायला नियम लागतात, आणि ‘दाराने’मधले ‘दार’ ‘दारा’ होऊ नये म्हणून अपवादही लागतात.

४. पाणिनी गच्चीबावलीत

येथून कथा हैदराबादकडे वळते. कानपूरच्या आयआयटीत विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक गट ‘अक्षर भारती’ या नावाने काम करीत होता. भारतीय भाषांच्या यांत्रिक अनुवादासाठी पाणिनीच्या कारकविचाराचा आधार घ्यावा, ही त्यांची भूमिका. १९९५ मध्ये त्यांचे ‘नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग : ए पाणिनियन पर्स्पेक्टिव्ह’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९९० नंतरच्या दशकात हे कार्य हैदराबाद विद्यापीठाशी जोडले गेले आणि पुढे १९९८ मध्ये गच्चीबावलीत स्थापन झालेल्या आयआयआयटी या संस्थेच्या भाषातंत्रज्ञान केंद्रात ते स्थिरावले. राजीव संगल नंतर या संस्थेचे संचालकही होते.

कारकविचार यंत्राला का हवा, हे एका वाक्यावरून पाहू. ‘रामाने रावणाला बाणाने मारले.’ येथे ‘ने’ हा प्रत्यय दोनदा आला आहे. हिंदीत हेच वाक्य ‘राम ने रावण को बाण से मारा’ असे होईल. पहिल्या ‘ने’चे ‘ने’ झाले, दुसऱ्याचे ‘से’. प्रत्ययाला प्रत्यय असा तक्ता करून भागत नाही. राम हा कर्ता आहे आणि बाण हे करण आहे, हे आधी ओळखावे लागते. तसेच ‘रामाला आंबा दिला’ येथील ‘ला’चे हिंदीत ‘को’ होते, पण ‘मी पुण्याला जातो’ याचे हिंदी ‘मैं पुणे जाता हूँ’. तेथे ‘को’ येत नाही. प्रत्यय हे बाहेरचे रूप, कारक हा आतला संबंध. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या विवेकाचा उपयोग आपल्या शहराच्या पश्चिम टोकाला एका प्रयोगशाळेत झाला, ही गोष्ट व्याकरणाच्या शिक्षकाला समाधान देणारी आहे.

या गटाने घडवलेल्या प्रणालीचे नाव ‘अनुसारक’. तेलुगू, कन्नड, मराठी, बंगाली आणि पंजाबी या भाषांतून हिंदीत जाणारे अनुसारक त्यांनी तयार केले. नावातच तत्त्व आहे. अनुवाद डौलदार व्हावा हा मुख्य हेतू नव्हता. मूळ मजकुरात जी माहिती आहे ती वाटेत गळू नये, भले हिंदी थोडी ओबडधोबड दिसो, वाचकाने थोडा सराव करून ती वाचावी, अशी ही कल्पना. पुढे आयआयआयटीच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून ‘संपर्क’ हा भारतीय भाषांतील अनुवादाचा प्रकल्प केला, त्यातही मराठी-हिंदी ही जोडी होती.

५. ‘आपण’ आणि ‘आम्ही’

माहिती गळते म्हणजे काय होते? मराठीत ‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर आहे, दुसऱ्यात तो आत आहे. पाहुण्यासमोर यजमान ‘आम्ही जेवायला जातो’ म्हणाला तर पाहुण्याने बसून राहायचे. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हणाला तर उठायचे. तेलुगूत हाच भेद जसाच्या तसा आहे. ‘मेमु वेळ्तामु’ म्हणजे आम्ही जाऊ, ‘मनमु वेळ्तामु’ म्हणजे आपण जाऊ. माझ्या वर्गात तेलुगू मातृभाषेचे विद्यार्थी असत. त्यांना हा भेद एका वाक्यात कळे, ‘मनमु’ म्हटले की पुरे. हिंदी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना तो उदाहरणांनी समजावावा लागे, कारण प्रमाण हिंदीत दोहोंसाठी ‘हम’ आहे. इंग्रजीतही एकच सर्वनाम आहे.

आता विचार करा. तेलुगूतून मराठीत थेट अनुवाद केला तर ‘मनमु’चे ‘आपण’ करणे यंत्राला अवघड नाही. परंतु दोन लहान भाषांमधला अनुवाद पुष्कळदा इंग्रजीच्या पुलावरून होत आला आहे. तेलुगूचे इंग्रजी आणि त्या इंग्रजीचे मराठी. पुलावर पाऊल ठेवताच ‘मनमु’ आणि ‘मेमु’ एक होतात. पलीकडे उतरताना यंत्राला अंदाज करावा लागतो. दोन्ही टोकांना असलेला भेद मधल्या भाषेत नाही म्हणून हरवतो. शेजारी शेजाऱ्याशी बोलतो तो लंडनमार्गे, आणि बोलावणे वाटेत गहाळ होते.

हे एकच उदाहरण नव्हे. ‘येतो म्हणून सांगितले’ हे मराठी वाक्य आणि ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ हे तेलुगू वाक्य यांची घडण शब्दागणिक जुळते. ‘म्हणून’ आणि ‘अनि’ ही दोन्ही रूपे म्हणणे या अर्थाच्या धातूंवरून आलेली. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे आधी, मग ‘म्हणून’. हैदराबादच्या दक्खिनीने हीच घडण ‘आता बोलके बोला’ अशी उचलली. दक्खिनीतला ‘नक्को’ मराठी ‘नको’वरून आला आणि जोर देणारा ‘च’ही मराठीचाच. या शहरात तीन भाषांनी एकमेकींपासून वाक्ये बांधायला शिकले आहे. ते ज्ञान कोणत्याही इंग्रजी पुलावर मावत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत यंत्राची रीतच बदलली. गूगलच्या अनुवादात मराठी २०१३ मध्ये आली, आणि २०१७ मध्ये ती नव्या पद्धतीने, म्हणजे मेंदूतील पेशीजालाच्या कल्पनेवर आधारलेल्या गणिताने, होऊ लागली. या पद्धतीत नियम सांगायचे नसतात. यंत्राला लाखो वाक्ये दाखवायची आणि त्यांतून त्याने संबंध ओळखायचे. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. २०२३ मध्ये मद्रासच्या आयआयटीतील गटाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांसाठी अनुवादाची खुली प्रणाली प्रसिद्ध केली. या प्रणाली जे मराठी लिहितात ते पाहून मी अनेकदा थक्क झालो आहे. जेथे नियमांचे यंत्र अडखळत असे, तेथे ही सफाईने जातात.

परंतु सफाई आणि निष्ठा एक नव्हेत. अनुसारकाचे वाक्य ओबडधोबड असल्यामुळे वाचक सावध राही. नव्या यंत्राचे वाक्य गुळगुळीत असते, म्हणून चूक झाली तरी ती लक्षात येत नाही. ‘आम्ही’ लिहिलेले वाक्य व्याकरणाने पूर्ण शुद्ध असते. मूळ लेखकाने ‘आपण’ म्हटले होते, एवढेच त्यातून कळत नाही. शिवाय हे यंत्र शिकते ते महाजालावर जे लिहिलेले सापडेल त्यावरून. ज्या मराठीत खरे वर्ण साठवलेले नाहीत, जी जुन्या टंकांत अडकली आहे किंवा नुसत्या कागदावर आहे, ती या यंत्राच्या दृष्टीने नाहीच. महाजालावर बातम्यांची आणि जाहिरातींची मराठी विपुल आहे. हैदराबादच्या मराठी घरांची, तेलुगूच्या शेजारी वाढलेली मराठी तेथे किती असेल, याचा विचार आपणच करावा.

६. आपल्या हातचे काम

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आहेच. पण दर्जा भूतकाळाकडे पाहून मिळतो, आणि यंत्र आज काय लिहून ठेवले आहे ते पाहते. म्हणून शेवटी तीन कामे सुचवतो. ती मोठी नाहीत.

पहिले, शाळेचे आणि येथील मराठी संस्थांचे जुने अंक, अहवाल, स्मरणिका युनिकोडात आणाव्यात. छापील पानांची छायाचित्रे पुरेशी नाहीत, कारण छायाचित्रातला शब्द शोधता येत नाही. प्रतिमेतून अक्षरे ओळखणारी प्रणाली आज मराठीसाठी उपलब्ध आहे. ती चुका करते, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक तपासायला मराठी जाणणारा डोळा लागतोच. निवृत्त शिक्षकांना याहून योग्य काम कोणते? स्वामित्वहक्काची परवानगी घेऊन किंवा हक्क संपलेले ग्रंथ निवडून ते मराठी विकिस्रोतासारख्या खुल्या ठिकाणी ठेवता येतील.

दुसरे, आवाज. महाजालावर लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या उच्चारांचे खुले संग्रह तयार होत आहेत, त्यांत मराठीही आहे. आपल्या घरातील वृद्धांची मराठी, तिच्या तेलुगू-दक्खिनी हेलासह, संमती घेऊन नोंदवून ठेवावी. पुण्याचा उच्चार यंत्राला ऐकायला मिळणारच आहे. आपला उच्चार आपल्याखेरीज कोण देणार?

तिसरे काम माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी कित्येक जण याच शहरातील माधापूर-गच्चीबावलीच्या कचेऱ्यांत किंवा परदेशांत संगणकाच्या व्यवसायात आहेत. संकेतस्थळ रचताना मराठी पानावर मराठीची खूण लिहा. मराठी वळणाचे टंक निवडा. आणि अनुवादाचे यंत्र तपासण्याचा प्रसंग आला तर तेलुगूतून मराठीत एक वाक्य घालून पाहा, ज्यात ‘मनमु’ असेल. पलीकडे ‘आपण’ आले तर ते यंत्र आपल्या शहराची भाषा थोडीतरी जाणते असे समजा. ‘आम्ही’ आले तर ती चूक नोंदवा. अशा नोंदींनीच यंत्र सुधारते.

ज्या गुरुजनांचे आज स्मरण करतो त्यांनी संगणक पाहिला नसेल, पण शब्दाचे मूळ रूप शोधायला, प्रत्ययामागचा कारक ओळखायला आणि ‘आपण’ कुठे म्हणावे हे जाणायला त्यांनीच या वर्गांमधून शिकवले. तंत्र बदलले तरी त्या शिकवणीची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.